विश्लेषण : पत्र पोहोचलेच नाही, तरी ‘पोहोचले असे मानण्यात येईल’? कायद्यातल्या ‘डीम्ड’चा भामरागडमधला अर्थ

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा जिल्ह्याशी संपर्क तुटतो. पूल पाण्याखाली जातो, आलापल्लीकडून येणाऱ्या गाड्या अलीकडेच थांबतात. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमावर वसलेल्या या तालुक्याच्या गावाला हे नवे नाही. कमी-अधिक फरकाने दर पावसाळ्यात हेच घडते.

आता समजा, नेमक्या त्याच आठवड्यात सुमारे १८० किलोमीटरवरच्या गडचिरोलीतून एका सरकारी कार्यालयाने भामरागडच्या एका रहिवाशाला रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवले. पत्ता बरोबर आहे, टपालखर्च भरलेला आहे, पावती फायलीला लावलेली आहे. टपालाची थैली नदीच्या अलीकडे अडकली आहे. कार्यालयाच्या हिशेबात मात्र चार-सहा दिवसांत ते पत्र ‘मिळालेले’ असते आणि त्यावर अपील करण्याची मुदतही सुरू झालेली असते.

यात कोणी खोटे बोलत नाही. हे १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमातल्या कलम २७ मुळे घडते. कायद्याने टपालाने कागद बजावायला सांगितले असेल आणि योग्य पत्ता लिहून, खर्च भरून तो रजिस्टर्ड पोस्टाने टाकला असेल, तर तो बजावला गेला असे मानण्यात येईल, असे हे कलम सांगते. महाराष्ट्राच्या १९०४ च्या अशाच कायद्यातही ही तरतूद आहे. इंग्रजी पाठात त्यासाठी तीन शब्द वापरले आहेत : ‘शॅल बी डीम्ड’.

‘डीम’ हे जुन्या धाटणीचे क्रियापद रोजच्या इंग्रजीत फारसे ऐकू येत नाही. कायद्यात, शासन निर्णयात, कर्जाच्या करारात, मोबाइल ॲपच्या अटी-शर्तींत मात्र ते जागोजागी भेटते, आणि बहुतेक वेळा ‘जर-तर’च्या वाक्यात. ‘जर’ने सुरू होणाऱ्या अर्ध्या वाक्यात काय लिहिले आहे आणि ‘तर’नंतरच्या अर्ध्यात ‘डीम’ कसे आले आहे, यावर कोणाची जमीन, कोणाचे अपील, कोणाचा बांबू हे ठरते.

‘डीम्ड’ म्हणजे नेमके काय?

मराठीत ही कल्पना समजायला कायद्याच्या पुस्तकाची गरज नाही. ‘मानलेला भाऊ’ आठवा. तो सख्खा नाही हे त्याला माहीत असते, बहिणीला माहीत असते, गावालाही माहीत असते. तरी भाऊबीजेच्या ताटापुरता तो भाऊच. मात्र म्हणून त्याला वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा मिळत नाही. ‘डीम्ड’चे काम असेच चालते. जे प्रत्यक्षात नाही, किंवा आहे की नाही याची खात्री नाही, ते एका ठरावीक कामापुरते ‘आहे’ असे धरून चालायचे. कायद्याच्या भाषेत याला ‘कायदेशीर कल्पित’ म्हणतात.

‘एका ठरावीक कामापुरते’ हा भाग महत्त्वाचा आहे. १९५३ मध्ये मुंबई राज्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कायदा एखादी न घडलेली गोष्ट घडली असे मानायला सांगतो, तेव्हा ते कोणत्या हेतूसाठी आणि कोणाकोणामध्ये मानायचे हे न्यायालयाने शोधले पाहिजे. त्या हेतूपुरते मात्र ते पूर्णपणे मानायचे, त्यातून येणाऱ्या परिणामांसकट.

मराठी वाचकाला हा शब्द ओळखू येत नाही, कारण भाषांतरात तो दर वेळी वेगळा वेष घेतो. ‘डीम्ड युनिव्हर्सिटी’चे ‘अभिमत विद्यापीठ’ झाले. मुंबई-पुण्याच्या हाउसिंग सोसायट्यांना ज्यासाठी हेलपाटे घालावे लागतात, त्या ‘डीम्ड कन्व्हेयन्स’चे ‘मानीव अभिहस्तांतरण’ झाले. कायद्याच्या कलमांत तोच शब्द ‘समजण्यात येईल’ किंवा ‘मानण्यात येईल’ असा येतो. तीन ठिकाणी तीन शब्द असल्यामुळे हे एकच यंत्र आहे असा संशयही येत नाही.

उत्तर आले नाही, म्हणजे ‘नाही’

भामरागडच्या सामान्य माणसाला ‘डीम्ड’ सर्वाधिक भेटण्याची शक्यता माहिती अधिकार कायद्यात आहे. वनहक्काच्या दाव्याचे काय झाले, रस्त्याच्या कामाचा निधी किती आला, आश्रमशाळेत किती पदे रिक्त आहेत, असे काहीही विचारायचे तर जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. उत्तरासाठी ३० दिवस असतात. प्रश्न एखाद्याच्या जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर ४८ तास.

३० दिवसांत काहीच उत्तर आले नाही, तर? कलम ७(२) म्हणते की अधिकाऱ्याने मुदतीत निर्णय दिला नाही, तर त्याने माहिती नाकारली असे मानण्यात येईल.

वरवर पाहता हे अर्जदाराच्या विरोधात वाटते. अधिकारी गप्प बसला आणि कायदाच म्हणतो, घ्या नकार! प्रत्यक्षात ही तरतूद अर्जदाराच्या बाजूची आहे. निर्णयच नसेल तर अपील कशावर करणार? फाइल वर्षानुवर्षे ‘कार्यवाही सुरू आहे’ या शेऱ्याखाली पडून राहील. कायद्याने मौनाला नकाराचा आकार दिला आणि त्या नकारावर वरच्या पायरीचे दार उघडले. प्रोग्रामिंग शिकलेल्यांना हे ओळखीचे वाटेल : इनपुट आले नाही तर प्रोग्राम अडकून पडू नये, म्हणून आधीच डिफॉल्ट व्हॅल्यू देऊन ठेवायची. शिवाय मुदत उलटल्यावर दिलेली माहिती विनामूल्य द्यावी लागते. वाजवी कारणाशिवाय उशीर झाला असेल तर माहिती आयोग अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५ हजार रुपये दंड करतो.

पण या मानलेल्या नकाराची एक अडचण आहे. तो येताना आवाज करत नाही. कागद येत नाही, शिक्का नाही, एसएमएस नाही. अपिलाची ३० दिवसांची मुदत मात्र त्याच दिवसापासून धावू लागते.

भामरागडचे कॅलेंडर समोर ठेवून हिशेब करा. अर्ज १ जुलैला कार्यालयात पोहोचला. ३१ जुलैला ३० दिवस पूर्ण झाले आणि नकार ‘मानला’ गेला. पहिले अपील ३० ऑगस्टपर्यंत करायचे. म्हणजे अर्ज, मौन, नकार आणि अपील हे सगळे त्या दोन महिन्यांत, ज्यांत पर्लकोटेचा पूल कधी पाण्याखाली जाईल याचा नेम नसतो. ‘उत्तर येईल, वाट बघू’ म्हणणारा अर्जदार सप्टेंबरात तहसील कार्यालयात चौकशीला जातो, तोवर मुदत संपलेली असते.

यावर उपाय त्याच कायद्यात आहे. कलम १९(१) च्या परंतुकानुसार अपील वेळेत न करण्यास पुरेसे कारण होते अशी खात्री पटली, तर अपिलीय अधिकारी उशिराचे अपीलही दाखल करून घेऊ शकतो. इथे इंग्रजीत ‘मे’ आहे, ‘शॅल’ नाही. म्हणजे ते त्याच्या हातात आहे आणि खात्री पटवण्याचे काम अर्जदाराचे आहे. नुसते ‘पूर होता’ असे लिहिण्यापेक्षा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणता मार्ग बंद होता हे लिहिणे केव्हाही चांगले. जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष पावसाळ्यात बंद मार्गांची माहिती जाहीर करतो. तिचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवायला खर्च येत नाही.

उत्तर आले नाही, म्हणजे ‘हो’

सगळीकडे मौनाचा अर्थ नकार असा होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४४ नुसार अकृषिक वापराच्या अर्जावर जिल्हाधिकाऱ्यांनी ९० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये बांधकाम परवानगीसाठी असेच ६० दिवस आहेत. पण बांधकाम नियमांत बसणारे असेल तरच. मानीव परवानगीच्या नावाखाली हवे ते बांधता येत नाही. गप्प अधिकारी, तोच ‘डीम्ड’, पण निकाल उलटा. ‘साहेबांनी उत्तर दिले नाही, म्हणजे मंजूर’ असे मोघम सांगणाऱ्याला आधी कलम विचारावे.

काही ठिकाणी तर मौनाला कायद्याने काहीच अर्थ दिलेला नसतो. राज्यपालांनी विधेयकावर निर्णयच घेतला नाही तर संमती मिळाली असे मानायचे का, हा वाद गेल्या काही वर्षांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या दहा विधेयकांना न्यायालयाने अशी संमती मानली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर मत देताना सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ‘मानीव संमती’ची कल्पना नाकारली. राज्यघटनेत जे ‘मानण्यात येईल’ लिहिलेले नाही, ते न्यायालयाने लिहायचे नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

बांबू कोणाचा? ‘डीम्ड’चा चुलत भाऊ ‘प्रिझ्यूम्ड’

जंगल जिल्ह्यांत ‘डीम्ड’पेक्षाही जास्त माणसांच्या आयुष्यात आलेला शब्द म्हणजे ‘प्रिझ्यूम्ड’, गृहीत धरले जाणे. दोन्हींत गल्लत होते आणि ती महागात पडते.

भारतीय वन अधिनियम १९२७ चे कलम ६९ घ्या. एखादी वनोपज सरकारची मालमत्ता आहे की नाही असा प्रश्न उभा राहिला, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती सरकारचीच आहे असे गृहीत धरण्यात येईल, असे हे कलम सांगते. डोक्यावर बांबूचा भारा किंवा मोहफुलांची टोपली घेऊन निघालेल्या माडिया माणसाला हा कायदा माहीत नसेल, पण त्याचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या आहे. नाक्यावर अडवले की ‘हे माझे आहे’ हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. हे सरकारचे आहे, असे सिद्ध करण्याचा भार कोणावरच नाही, कारण ते आधीच गृहीत आहे.

तरीही ‘गृहीत’ आणि ‘मानीव’ यांत एक फट आहे आणि माणसाला तिथूनच वाट मिळते. शाळेतल्या गणितात ‘समजा, क्ष बरोबर ५’ असे म्हणून पुढे जातो आणि उत्तर चुकले की ते खोडतो. गृहीत धरणे तसे आहे : पुरावा आला की ते पडते. ‘मानीव’ तसे पडत नाही. त्याच अधिनियमाच्या कलम २० नुसार अधिसूचनेत ठरवलेल्या तारखेपासून ते जंगल राखीव वन असल्याचे मानण्यात येते. तिथे ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ हे शब्दच नाहीत. म्हणून त्यावर ‘आमचे आजोबा इथे कसत होते’ असा पुरावा घेऊन गेले, तर उत्तर मिळते की हा पुराव्याचा प्रश्न नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने नेमके काय बदलले, हे या दोन क्रियापदांच्या फरकातून स्पष्ट दिसते. त्या कायद्याच्या व्याख्येत बांबू गौण वनोपजेत येतो आणि गौण वनोपजेवर मालकी, ती गोळा करणे, वापरणे आणि विकणे हा हक्क मान्य केला आहे. सामूहिक वनहक्काचा दाखला ग्रामसभेच्या हातात आला की कलम ६९ मधल्या ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ या अटीला उत्तर मिळते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ते करून दाखवले. दाखला मिळूनही बांबू विकायला वाहतूक परवाना मिळत नव्हता. वन अधिनियमातल्या ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत तेव्हा बांबूही होता. गवताच्या कुळातली वनस्पती कायद्यापुरती झाड, म्हणजे पुन्हा एक मानलेला भाऊच. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. २०१७ मध्ये वनेतर जमिनीवरच्या बांबूसाठी ती व्याख्याही बदलली.

भामरागड, एटापल्ली, धानोरा भागांतल्या ग्रामसभा आज तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः करतात. त्यांच्या कार्यालयात तो दाखला लॅमिनेट करून का ठेवलेला असतो, हे कलम ६९ वाचल्याशिवाय कळत नाही.

मग पुरात अडकलेल्या पत्राचे काय?

सुरुवातीच्या कलम २७ मध्ये शब्द ‘डीम्ड’ आहे. वरच्या हिशेबाने ते पक्के मानले पाहिजे. पण वाक्य तिथे संपत नाही. पुढे लिहिले आहे की, विरुद्ध सिद्ध झाले नाही तर, टपालाच्या नेहमीच्या क्रमाने ते पत्र ज्या वेळी पोहोचले असते, त्या वेळी ते बजावले गेले असे मानण्यात येईल. न्यायालये म्हणूनच याला खोडता येण्याजोगे गृहीतक समजतात. शब्द ‘मानीव’चा आहे, वागणूक ‘गृहीत’ची. नुसते क्रियापद पाहून भागत नाही, त्याला जोडलेले ‘जर’, ‘परंतु’, ‘खेरीज’ शेवटपर्यंत वाचावे लागतात, ते यासाठीच.

‘टपालाचा नेहमीचा क्रम’ हे शब्द पुण्यातल्या पत्त्यासाठी जवळपास निरर्थक आहेत, भामरागडसाठी तेच सर्वांत मोलाचे. पूल पाण्याखाली असताना नेहमीचा क्रम राहत नाही. तो राहिला नव्हता हे दाखवायचे कसे? पत्र हाती आल्यावर पाकीट फाडून फेकू नये. पाकिटावरचा वितरण टपाल कार्यालयाचा शिक्का आणि त्यावरची तारीख हाच पहिला पुरावा. टपाल खात्याच्या ट्रॅकिंगमध्ये वस्तू कोणत्या दिवशी कुठे होती हे दिसते, त्याचा प्रिंट काढता येतो. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, तरी ट्रॅकिंग नंबर तसाच मिळतो.

शेवटच्या दिवशी कार्यालय बंद असेल तर दुसऱ्या कामाच्या दिवशी दिलेला अर्ज वेळेत समजला जातो, ही सोय त्याच कायद्याच्या कलम १० मध्ये आहे. अनेकांना वाटते की पुराच्या दिवसांत ती लागू होईल. अडचण अशी की गडचिरोलीचे कार्यालय उघडे असते, बंद असतो तो रस्ता. कलम कार्यालयाबद्दल बोलते, नदीबद्दल नाही. त्यामुळे या सोयीवर विसंबून न राहता उशीर माफीचा अर्ज सोबत जोडणेच शहाणपणाचे.

वनहक्काच्या दाव्यांत मात्र कायदा करणाऱ्यांनी टपालावर भरवसा ठेवलेला नाही. २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांतला नियम १२-अ सांगतो की ग्रामसभेने दावा फेटाळला किंवा त्यात बदल केला, अथवा उपविभागीय समितीने तशी शिफारस केली, तर ते दावेदाराला व्यक्तिशः कळवले पाहिजे. ते अशासाठी की त्याला ६० दिवसांत वर दाद मागता यावी. ही मुदत आणखी ३० दिवस वाढू शकते. आणि मूळ कायदा म्हणतो की बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याखेरीज त्याचा अर्ज त्याच्याविरुद्ध निकाली काढता येणार नाही. इथे ‘कळवले असे मानण्यात येईल’ ही पळवाट नाही.

हे किती गंभीर आहे ते २०१९ मध्ये दिसले. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारीला अनेक राज्यांना, त्यांत महाराष्ट्रही होता, दावे फेटाळले गेलेल्यांना वनजमिनीवरून हटवण्याबाबत आदेश दिले. देशभर खळबळ उडाली. २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने आदेश स्थगित केला आणि राज्यांना विचारले, दावे फेटाळताना प्रक्रिया कोणती पाळली? ज्याला फेटाळल्याचे कधी सांगितलेच नाही, त्याचा दावा ‘फेटाळलेला’ कसा, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला.

एका ‘किंवा’ने किती फरक पडतो?

‘जर’च्या बाजूला अटी एकाहून जास्त असल्या की त्यांना जोडणारा शब्दही निकाल फिरवतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २४(२) मध्ये, जुन्या कायद्याखालच्या निवाड्याला पाच वर्षे किंवा अधिक काळ झाला असेल आणि जमिनीचा ताबा घेतला नसेल ‘किंवा’ मोबदला दिला नसेल, तर संपादन रद्द झाल्याचे मानण्यात येईल, असे लिहिले होते. २०१४ मध्ये पुणे महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला आणि त्यानंतर दोन्हींपैकी एक अट पुरेशी ठरत गेली. ६ मार्च २०२० रोजी इंदूर विकास प्राधिकरणाच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल फिरवला : ‘किंवा’ हा इथे ‘आणि’ असा वाचायचा, म्हणजे ताबाही नसेल आणि मोबदलाही नसेल तरच. कायद्यातले अक्षरही न बदलता देशभरातल्या असंख्य संपादनांचे भवितव्य बदलले.

इंग्रजीत लिहायचे झाले तर

स्पर्धा परीक्षा देणारे, वकिलीच्या पहिल्या वर्षात असलेले, ग्रामसभांसाठी अर्ज लिहून देणारे तरुण यांना हे क्रियापद स्वतः वापरावे लागते. चुका ठरावीक असतात.

मराठीत ‘अधिकारी उत्तर देणार नसेल तर’ असे भविष्यकाळात म्हणता येते, म्हणून इंग्रजीतही ‘इफ द ऑफिसर विल नॉट रिप्लाय’ लिहिले जाते. ते चूक. ‘इफ’च्या बाजूला साधा वर्तमानकाळ हवा, भविष्याची खूण ‘तर’च्या बाजूला : ‘इफ द ऑफिसर फेल्स टू रिप्लाय, द रिक्वेस्ट शॅल बी डीम्ड टू हॅव बीन रिफ्यूज्ड.’ दुसरी, भल्याभल्यांची होणारी चूक म्हणजे ‘डीम्ड ॲज रिफ्यूज्ड’. ‘डीम’ला ‘ॲज’ लागत नाही; ते ‘कन्सिडर्ड’ आणि ‘रिगार्डेड’च्या संगतीने आलेले आहे. आणि ‘अनलेस’मध्ये नकार आधीच भरलेला असतो, त्यामुळे त्याच्यापुढे आणखी एक ‘नॉट’ टाकला की अर्थ उलटतो.

यापेक्षा महत्त्वाचा फरक कर्त्याचा आहे. ‘डीम’ ‘जर’च्या बाजूला आले आणि त्याला कर्ता असला, जसे ‘इफ द कमिटी डीम्स इट नेसेसरी’, तर अर्थ होतो ‘समितीला आवश्यक वाटल्यास’. निर्णय समितीच्या मर्जीवर. तेच क्रियापद ‘तर’च्या बाजूला कर्त्याविना आले, ‘शॅल बी डीम्ड’, तर मर्जी संपली. कायद्याने ठरवून टाकले, अधिकाऱ्याला काय वाटते याला जागा नाही. एकच शब्द एका जागी अधिकार देतो आणि दुसऱ्या जागी काढून घेतो.

आपल्या अर्जांच्या शेवटी सवयीने लिहिली जाणारी ओळ म्हणजे ‘आपणास योग्य वाटेल ती कार्यवाही करावी’, इंग्रजीत ‘ॲज यू डीम फिट’. सौजन्य म्हणून ठीक. पण कलम ७(२) खाली मानलेल्या नकारावर अपील करताना हीच ओळ लिहिणे म्हणजे कायद्याने दिलेली गोष्ट पुन्हा साहेबांच्या मर्जीवर सोडणे. तिथे सरळ लिहावे : अर्ज अमुक तारखेला मिळाला, ३० दिवस अमुक तारखेला संपले, कलम ७(२) नुसार माहिती नाकारल्याचे मानले जाते, कलम ७(६) नुसार ती विनामूल्य मिळावी.

हे मराठीत लिहिले तरी तेवढेच चालते. माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. केंद्रीय कायद्यांचा मूळ अधिकृत पाठ इंग्रजी असला, तरी राष्ट्रपतींच्या प्राधिकाराने राजपत्रात आलेले मराठी भाषांतरही अधिकृत पाठ धरले जाते. ते ठरवणाऱ्या १९७३ च्या कायद्यात शब्द कोणता आहे? ‘शॅल बी डीम्ड’.

माडिया बोलणाऱ्या अर्जदारापर्यंत मात्र हा कायदा इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून कोणाच्या तरी तोंडून असा दोन पुलांवरून येतो. गोंडी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. त्याच्यासाठी उपयोगाची तरतूद माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(१) मध्ये आहे : एखाद्याला लेखी अर्ज करता येत नसेल, तर जन माहिती अधिकाऱ्याने त्याची तोंडी विनंती लिहून काढण्यासाठी सर्व वाजवी मदत केली पाहिजे. तिथेही शब्द ‘शॅल’ आहे. अर्ज लिहून झाल्यावर तारखेसह पोच घ्यावी, कारण ३० दिवस तिथूनच मोजले जातात.